ग्रामपंचायतीत फायबर आलं, आमच्या वाडीत कधी? वाचकांचे प्रश्न आणि टॅक्सची उत्तरं

गेल्या अंकात गावच्या इंटरनेटवर दोन ओळी काय लिहिल्या आणि पत्रांचा ढीगच आला, त्यातली बरीचशी मुंबईत राहून गावचं घर सांभाळणाऱ्यांची. म्हणून या वेळी सगळं सदर याच विषयाला दिलंय. एक गोष्ट आधीच सांगते, खाली जे आयकराचे कलम नंबर दिलेत ते 1961 च्या कायद्याचे आहेत, कारण सगळ्यांच्या तोंडी तेच आहेत. नवीन आयकर कायदा 2025 हा 1 एप्रिल 2026 पासूनचा, त्यात नंबर बदललेत, तेव्हा आपल्या सीएकडून नवा नंबर विचारून घ्या.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी लालबागला राहतो, गाव देवगड तालुक्यात. मुलगा आयटीत आहे, त्याचं म्हणणं गणपतीनंतर महिनाभर गावीच राहून काम करावं. पण ग्रामपंचायतीच्या ऑफिसात फायबरचा डबा बसलाय आणि आमच्या वाडीपर्यंत काहीच येत नाही, मोबाईलला रेंज हवी तर सड्यावर जावं लागतं. टीव्हीवर ऐकलं की गावात इंटरनेट नेणाऱ्या कंपन्यांना टॅक्स माफ असतो. टॅक्स माफ करून घेतात आणि वाडीत येत नाहीत, असं कसं चालतं?

उत्तर : काका, नमस्कार. तुमचा राग बरोबर आहे, पण टॅक्स माफीची ती बातमी अर्धीच आहे, कारण तशी माफी होती आणि ती संपून वीस वर्षं होऊन गेली. आयकर कायद्यात 80-आयए नावाचं कलम आहे, त्यात टेलिफोन, मोबाईल, ब्रॉडबँड नेटवर्क आणि इंटरनेट सेवा देणाऱ्यांना पहिली पाच वर्षं नफ्यावर 100 टक्के आणि पुढची पाच वर्षं 30 टक्के वजावट होती, पण अट अशी की सेवा 1 एप्रिल 1995 ते 31 मार्च 2005 च्या दरम्यान सुरू झालेली हवी. आता गंमत नाही तर दुःखाची गोष्ट बघा, देशाचं पहिलं ब्रॉडबँड धोरण आलं ऑक्टोबर 2004 मध्ये, तेव्हा 256 केबीपीएस स्पीडला ब्रॉडबँड म्हणायचे, आणि त्यानंतर पाच-सहा महिन्यांतच ही सवलत बंद. म्हणजे सवलतीच्या दहा वर्षांत जे उभं राहिलं ते बहुतेक शहरातलं टेलिफोन आणि मोबाईलचं जाळं, ज्याची गावाला खरी गरज होती ते फायबर यायच्या आधीच खिडकी बंद झाली. आणि त्या कलमात गाव की शहर असा काही फरकही नव्हता, मुंबईत सेवा सुरू केली तरी तीच वजावट आणि देवगडात केली तरी तीच, मग कोण कशाला घाट उतरून येईल?

सध्या गावासाठी जो पैसा लागतो तो टॅक्स माफीतून येत नाही, उलट कंपन्यांकडून घेऊन येतो. टेलिकॉम कंपन्या आपल्या समायोजित महसुलाच्या, म्हणजे ज्याला सगळे एजीआर म्हणतात त्याच्या 8 टक्के लायसन्स फी भरतात, त्या 8 पैकी 5 टक्के गावांसाठीच्या फंडाचे. हा फंड 2002 पासूनचा, आधी यूएसओ फंड म्हणायचे, 2023 च्या टेलिकॉम कायद्याने नाव झालं डिजिटल भारत निधी. या फंडातून भारतनेट चालतं. ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर झालं तेव्हा ते नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क होतं, आपल्याकडे दुसऱ्या टप्प्याचं काम राज्य सरकारच्या महाआयटी कंपनीकडे गेलं आणि लोक त्याला महानेट म्हणायला लागले.

आता तुमच्या वाडीचा प्रश्न. या योजनेचं टोक मुळात ग्रामपंचायतीचं ऑफिस हेच होतं काका, तिथे डबा बसला की काम झालं अशी नोंद व्हायची, पुढे घरोघरी कोण नेणार, त्याची वायर कोण ओढणार, तुटली तर जोडणार कोण, हे ज्याच्या त्याच्या भरवशावर. शिवाय तालुक्यावरून एकच लाईन निघून गावागावातून पुढे जायची, रस्ता रुंदीकरणात जेसीबीने एका ठिकाणी केबल उचकटली की पुढची सगळी गावं बंद. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने 1 लाख 39 हजार कोटींचा सुधारित भारतनेट मंजूर केला त्यात या दोन्ही गोष्टी धरल्यात, एक तर लाईनऐवजी रिंग, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने डेटा येईल, आणि दुसरं म्हणजे जो बांधेल त्यानेच दहा वर्षं देखभाल करायची. घरोघरचे दीड कोटी फायबर कनेक्शन हेही त्याचं उद्दिष्ट आहे. तुम्ही एवढं करा, पुढच्या ग्रामसभेला गावी असाल तेव्हा वाडीतल्या किती घरांना महिन्याला पैसे भरून कनेक्शन हवंय त्याची सह्यांची यादी करून ठरावाबरोबर लावा, कारण जो कोणी ऑपरेटर येईल तो पहिल्यांदा हेच विचारणार की घरं किती मिळतील. आणि यादीत मुंबईकरांची बंद घरं घालू नका, वर्षातले अकरा महिने कुलूप असलेल्या घराच्या भरवशावर वायर ओढली की तो ऑपरेटर बुडतो आणि मग उरलेल्यांचंही जातं.

प्रश्न : ताई मी विरारला केबल आणि ब्रॉडबँडचं काम करतो. माझ्या लहान भावाने जव्हारकडच्या गावांत एका कंपनीची फ्रँचायझी घेतलीय, ओएलटी (फायबर नेटवर्कचं मुख्य मशीन), स्प्लायसिंग मशीन (फायबर जोडायचं), ड्रॉप वायर (घरापर्यंत न्यायची) सगळं कर्ज काढून घेतलं. कोणी म्हणतं 44एडीत, म्हणजे अंदाजे नफा दाखवायच्या कलमात, टाका आणि मोकळे व्हा, कोणी म्हणतं स्टार्टअप दाखवा टॅक्स माफ, कोणी म्हणतं गावात काम करताय म्हणजे सबसिडी मिळेल आणि ती टॅक्स फ्री असते. भाऊ रोज फोन करून विचारतो, नक्की काय ते सांगा.

उत्तर : दादा, तुमच्या भावासारखी माणसं आहेत म्हणून गावात इंटरनेट टिकतं, त्यामुळे हे उत्तर जरा लांबलं तरी चालेल, शेवटपर्यंत वाचा आणि भावालाही पाठवा.

पहिली गोष्ट, गावात ब्रॉडबँड देतो म्हणून आयकरात आज वेगळी अशी सवलत नाही. 35एडी नावाचं एक कलम आहे, त्यात काही ठरावीक धंद्यांना भांडवली खर्च पहिल्याच वर्षी पूर्ण वजा करता येतो, कोल्ड स्टोरेज, शेतमालाची गोदामं, मोठी हॉस्पिटलं, अगदी मधमाशी पालन सुद्धा त्या यादीत आहे पण फायबर नाही. माझं स्पष्ट मत आहे की असायला हवं होतं. पण त्याहून महत्त्वाचं हे की तुमच्या भावाला त्याचा फायदा तरी किती झाला असता? 2025-26 पासून नवीन रेजिममध्ये 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स शून्य आहे. तीन-चार गावांतल्या फ्रँचायझीतून कर्जाचं व्याज आणि पगार जाऊन 12 लाख नफा उरणं सुरुवातीची कित्येक वर्षं अवघडच. ज्याला टॅक्सच लागत नाही त्याला टॅक्समध्ये सवलत देऊन त्याच्या हातात काय येणार? हीच गोष्ट सरकारला वारंवार सांगायला हवी, की आयकराची वजावट ही नफा कमावणाऱ्याच्या कामाची आणि गावातला ऑपरेटर तर पहिली वर्षं तोट्यात असतो.

इथे एक काळजी घ्या, ही 12 लाखांची सूट माणसाला आहे, पार्टनरशिप फर्मला नाही. तुम्ही दोघं भाऊ मिळून फर्म केलीत तर फर्मला पहिल्या रुपयापासून 30 टक्के. भागीदारांचा पगार वजा होतो ते खरं, पण त्याला मर्यादा आहे आणि कागदपत्रं नीट लागतात. सध्या भावाच्या एकट्याच्या नावावर राहू द्या.

आता 44एडी. ज्यांची वर्षाची उलाढाल 2 कोटींपर्यंत आहे, आणि रोखीची वसुली 5 टक्क्यांच्या आत असेल तर 3 कोटींपर्यंत, ते वह्या न ठेवता रोखीवर 8 टक्के आणि बँकेतून आलेल्यावर 6 टक्के नफा दाखवून मोकळे होतात. पण कमिशन किंवा एजन्सीच्या उत्पन्नाला हे कलम लागू नाही! फ्रँचायझीचं अॅग्रीमेंट उघडून बघा. ग्राहकाला बिल कंपनीच्या नावाने जातं, पैसे कंपनीचे आणि भावाला ठरलेला हिस्सा मिळतो असं असेल तर ते कमिशन धरलं जाण्याचीच शक्यता जास्त, आणि कंपनी 194एच खाली टीडीएस कापत असेल, जो 1 ऑक्टोबर 2024 पासून 5 चा 2 टक्के झालाय, तर मग विषयच संपला, 26एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या टॅक्सच्या सरकारी तक्त्यात, कमिशन दिसतंय आणि तुम्ही 44एडी भरताय हे कॉम्प्युटरलाही कळतं.

आणि समजा 44एडी चालत असलं तरी मी भावाला सुरुवातीला तिकडे जाऊ देणार नाही, कारण 44एडीत घसारा, म्हणजे सामान जुनं होत जातं त्याची दरवर्षीची वजावट, वेगळा मिळत नाही आणि तोटा दाखवता येत नाही. कर्ज काढून सामान घेतलंय, पहिल्या दोन-तीन वर्षांत तोटाच असेल, तो वह्यांत दाखवा. धंद्याचा तोटा पुढे आठ वर्षं नेता येतो आणि उरलेला घसारा तर कितीही वर्षं, पण तोटा पुढे न्यायचा तर रिटर्न मुदतीच्या आत भरायलाच हवं, एक दिवस उशीर झाला तरी तोटा गेला. गावाकडचे लोक उत्पन्नच नाही तर रिटर्न कशाला म्हणून सोडून देतात आणि चौथ्या वर्षी नफा आला की टॅक्स भरत बसतात, शिवाय कापलेला टीडीएस परत मिळायचा तोही राहतो.

घसाऱ्यात साधी मशिनरी 15 टक्के आणि कॉम्प्युटर 40 टक्के. राऊटर आणि स्विच कॉम्प्युटरबरोबर वापरले जात असतील तर ते कॉम्प्युटरच्या दरात बसतात असं आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या मुंबईतल्या स्पेशल बेंचने 2010 मध्ये सांगितलंय, तेव्हा दर 60 होता आता 40 आहे. केबल आणि खांबांना तो दर लावू नका. त्यासाठी सामान घेताना बिलं वेगवेगळी घ्या, सगळं मिळून एकच आकडा असलेलं बिल घेतलं की नंतर सीए काही करू शकत नाही.

जीएसटीचं गणित मात्र भावासाठी खरं महत्त्वाचं आहे. सेवेसाठी 20 लाखांच्या आत उलाढाल असेल तर नंबर घ्यायची सक्ती नाही, म्हणून बहुतेक जण घेत नाहीत. पण समजा 5 लाखांचं सामान घेतलं, त्यावर 18 टक्क्यांनी 90 हजार जीएसटी गेला, नंबर नसेल तर ते 90 हजार पाण्यात. नंबर असेल तर क्रेडिट मिळतं, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी पुढे भरायच्या जीएसटीतून वजा होतो, भाऊ कंपनीला कमिशनचं बिल देताना 18 टक्के लावेल, कंपनी त्याचं क्रेडिट घेईल, कोणाच्याच खिशाला चाट नाही. हां, दर महिन्याला किंवा तिमाहीला रिटर्न भरायची शिस्त लागते, आणि ज्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं त्यावर परत घसारा घ्यायचा नाही. जमिनीखालून डक्ट (केबलचे पाईप) टाकले असतील, मॅनहोल केले असतील, त्याचं क्रेडिट मिळत नाही असं म्हणून बऱ्याच अधिकाऱ्यांनी नोटिसा काढल्या होत्या, तर 26 जून 2024 च्या सर्क्युलरमध्ये स्पष्ट केलंय की फायबर नेटवर्कच्या डक्ट आणि मॅनहोलवरचं क्रेडिट अडत नाही. त्याची प्रिंट फाईलला लावून ठेवा.

स्टार्टअपचं सांगते. 80-आयएसी मध्ये दहापैकी कुठल्याही तीन वर्षांचा नफा पूर्ण माफ होतो हे खरं, आणि मुदतही वाढवून आता 1 एप्रिल 2030 च्या आधी सुरू झालेल्यांना केलीय. पण त्याला कंपनी किंवा एलएलपी लागते, सरकारी मान्यता लागते, त्यावर बोर्डाचं सर्टिफिकेट लागतं आणि काम नवीन प्रकारचं आहे हे पटवून द्यावं लागतं. दुसऱ्याची फ्रँचायझी त्यात बसवायला कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

राहिली सबसिडी. सबसिडी टॅक्स फ्री असते हे डोक्यातून काढा. 2015 च्या फायनान्स अॅक्टपासून सरकारी सबसिडी, ग्रँट हे सगळं उत्पन्न धरलं जातं. भावाच्या कामाचा अपवाद एकच, ती एखादी वस्तू घ्यायलाच मिळाली असेल तर त्या वस्तूच्या किमतीतून वजा होते आणि तेवढा घसारा कमी मिळतो. म्हणजे ओएलटीसाठी मिळाली तर किंमत कमी आणि महिन्याचा खर्च भागवायला मिळाली तर सरळ उत्पन्न. जीएसटीत मात्र केंद्र-राज्याची सबसिडी किमतीत धरत नाहीत, तेवढा दिलासा. सबसिडीच्या पत्रात कशासाठी ते नीट लिहून घ्या, सगळा टॅक्स त्या एका ओळीवर ठरतो.

प्रश्न : आमचं भांडुपला संगमेश्वरकरांचं मंडळ आहे. गावच्या ग्रामपंचायतीने मोबाईल टॉवरला कर लावला, आता फायबरच्या खांबांना आणि पेट्यांनाही लावायचं म्हणतायत. उत्पन्न वाढेल म्हणतात. आम्ही काय भूमिका घ्यावी?

उत्तर : मंडळाने आधी सरपंचांशी शांतपणे बोलावं. टॉवरवर मालमत्ता कर लागू शकतो हे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2016 मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात मान्य केलं होतं, त्याच्याच जोरावर बऱ्याच पंचायतींनी कर लावला. पण 2023 च्या टेलिकॉम कायद्याचं कलम 14 म्हणतं की जागेवर बसवलेलं टेलिकॉम नेटवर्क हे त्या जागेचा भाग धरायचं नाही, त्या जागेच्या मालमत्ता कर आणि उपकरांसाठी सुद्धा, आणि हे कलम 26 जून 2024 पासून लागू आहे. शिवाय खांब-रस्त्याच्या परवानगीचे नवीन नियम 1 जानेवारी 2025 पासून आलेत, त्याआधी 2022 च्या दुरुस्तीतच खांबावरून केबल नेण्याचा दर वर्षाला खांबामागे 100 रुपये ठरवून दिला होता, म्हणजे मनाला येईल तो आकडा लावण्याचे दिवस तेव्हाच संपले. ठराव करण्याआधी गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी मत घ्या, नाहीतर उद्या कोर्टात पंचायतीचाच खर्च.

मला विचाराल तर टॉवर कंपनीचं एक वेळ समजू शकते, पण घरोघर वायर ओढणाऱ्या गावातल्याच पोरावर पेटीमागे कर लावू नये. त्यापेक्षा परवानगी पटकन द्या आणि बदल्यात शाळेला, उपकेंद्राला कनेक्शन मागून घ्या. आणि ऑपरेटरलाही सांगा की परवानगीचा अर्ज लायसन्स असलेल्या कंपनीच्या नावाने कर, कारण हे नियम लायसन्सधारकासाठी आहेत, फ्रँचायझीवाल्याचा स्वतःच्या नावाचा अर्ज तिथे टिकत नाही.

प्रश्न : ताई, मी घाटकोपरला एमकॉम करतेय, प्रोजेक्टचा विषय आहे ग्रामीण ब्रॉडबँडवरचा जीएसटी. माझं म्हणणं असं की गावातल्या इंटरनेटवरचा जीएसटी शून्य करावा. सर म्हणतात एवढं सोपं नाही. का नाही?

उत्तर : विषय फार छान निवडलायस, आणि सरांचं बरोबर आहे. आधी ग्राहकाच्या बाजूने बघ. 500 रुपयांचा प्लॅन, 18 टक्क्यांनी 90 रुपये जीएसटी, एकूण 590. मुंबईतल्या कंपनीच्या ऑफिसात तेच कनेक्शन असेल तर ती कंपनी 90 रुपयांचं क्रेडिट घेते, म्हणजे तिला 500 लाच पडलं. आणि मोखाड्यातली बचत गटाची ताई किंवा दहावीतला मुलगा पूर्ण 590 भरतो, कारण घरगुती ग्राहकाला क्रेडिट नाही. प्रोजेक्टची सुरुवात इथूनच कर, यात अन्याय कुठे आहे ते वाचणाऱ्याला लगेच दिसेल.

आता शून्य केला तर काय होईल? सेवा करमुक्त झाली की ती देणाऱ्याचं क्रेडिट बंद होतं. त्याने केबलवर, ओएनटीवर (ग्राहकाच्या घरातला फायबरचा डबा), वरच्या कंपनीकडून घेतलेल्या बँडविड्थवर 18 टक्के भरलेले असतात, ते त्याला परत मिळणार नाहीत, मग तो ते प्लॅनमध्ये घुसवणार. 500 चा प्लॅन 540 किंवा 550 होईल, ग्राहकाला वाटेल टॅक्स गेला पण पैसे फारसे वाचले नाहीत. बरं मग 5 टक्के कर आणि क्रेडिट चालू ठेव असं म्हणशील, तर तिथे दुसरी अडचण, विकताना 5 आणि घेताना 18, क्रेडिट साचत जाणार. अशा साचलेल्या क्रेडिटचा रिफंड मिळतो पण तो फक्त वस्तूंवरच्या कराचा, सेवेवरच्या कराचा नाही, आणि आपल्या ऑपरेटरचा दर महिन्याचा मोठा खर्च म्हणजे बँडविड्थ, ती तर सेवाच. म्हणजे छोटा माणूस परत अडकला. शिवाय गाव कुठलं आणि शहर कुठलं हे कनेक्शनच्या पत्त्यावर ठरवायचं म्हटलं तर बदलापूर-विरारच्या पुढे किती भांडणं होतील ते तूच बघ.

म्हणून मला वाटतं प्रोजेक्टमध्ये तू ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, ऑगस्ट 2021 ची शिफारस घे. त्यांनी सांगितलं होतं की ग्रामीण भागात फिक्स्ड लाईन ब्रॉडबँड घेणाऱ्याला महिन्याच्या बिलाच्या निम्मे, जास्तीत जास्त 200 रुपये, थेट परत देण्याचा प्रयोग करून बघा. गॅसच्या सबसिडीसारखं खात्यात. आणि त्याच वेळी फिक्स्ड लाईन ब्रॉडबँड वाढवणाऱ्या कंपन्यांना लायसन्स फीत सूट द्या असंही सुचवलं होतं. शिफारस म्हणजे आदेश नव्हे, पण यातला विचार मला फार पटतो, कारण पैसे केबल किती किलोमीटर टाकली यावर मिळत नाहीत, कनेक्शन चालू आहे की नाही यावर मिळतात. नेट बंद पडलं की माणूस बिल भरणार नाही, बिल नाही तर 200 रुपये नाहीत, म्हणजे ऑपरेटरला रात्री पावसात जाऊन का होईना वायर जोडावीच लागणार. केबल टाकण्यावर सवलत दिली की केबल पडते, पण ती चालू ठेवायला कोणी बांधील राहत नाही. 590 च्या बिलात 200 परत म्हणजे जीएसटीचे 90 तर गेलेच, वर 110 वाचले. हे गणित तुझ्या शून्य जीएसटीशेजारी मांड, आणि एक कर की ब्रॉडबँडची व्याख्या कशी बदलत गेली तेही दे, 2004 ला 256 केबीपीएस, 2013 ला 512, जानेवारी 2023 ला 2 एमबीपीएस. 2 एमबीपीएसवर ऑनलाईन तास नीट चालतो का, हा प्रश्न घेऊन गावातल्या दोन-चार मुलांशी बोललीस तर प्रोजेक्टला वजन येईल.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत आहे. तो म्हणतो तिकडे गावांना इंटरनेट द्यायला सरकार कंपन्यांना अब्जावधी डॉलर देतं. आपल्याकडे तसं का नको? – ठाण्याहून एक वाचक

उत्तर : भाचा म्हणतो ते खरं आहे, 2021 च्या कायद्याने त्यांच्या बीड (BEAD) नावाच्या ब्रॉडबँड कार्यक्रमाला 42.45 अब्ज डॉलर दिले. पण तिथेही अगदी आपल्यासारखंच टॅक्सचं घोडं अडलंय. 2017 च्या टॅक्स कायद्याने बदल झाला आणि सरकारकडून मिळालेली अशी मदत कंपनीचं उत्पन्न धरली जायला लागली, त्यावर केंद्रीय कर 21 टक्के. म्हणजे सरकार एका हाताने 100 डॉलर देतं आणि दुसऱ्या हाताने त्यातले 21 परत मागू शकतं. मोठी कंपनी घसारा वगैरे दाखवून ते भरून काढते, गावातली छोटी कंपनी अडकते. ही मदत करमुक्त करावी म्हणून तिथल्या संसदेत विधेयक मांडलं गेलंय, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आपल्याकडे अब्जावधी नाहीत असं नाही, भारतनेटचा आकडा वर दिलाच आहे, पण ग्रँट देताना तिच्यावरच्या टॅक्सचा विचार आधीच करायला हवा हे त्यांच्याकडून जरूर शिकावं.

प्रश्न : मी आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर मुलांची संध्याकाळची अभ्यासिका चालवते. मुंबईत असूनही इथे घरात ब्रॉडबँड यायला कोणी तयार नाही, कंपन्या म्हणतात जागेची परवानगी अवघड आणि घरं कमी. आम्हाला गावांची ही योजना मिळेल का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून खूप वेळ विचार करत होते. भारतनेट मिळणार नाही, कारण ती ग्रामपंचायतींची योजना आहे आणि आरे मुंबई महापालिकेत येतं, तिथे ग्रामपंचायतच नाही. समोर समुद्रातली घारापुरी बघा, गेटवेवरून दिसते पण ती रायगड जिल्ह्यातली ग्रामपंचायत आहे म्हणून ती योजनेत बसू शकते आणि तुमचा पाडा बसत नाही. गाव आणि शहर ही विभागणी कागदावर करून सवलती वाटल्या की तुमच्यासारखे पाडे दोन्हीकडून सुटतात. वंचित भाग कुठला ते तिथे कनेक्शन किती आहेत यावर ठरायला हवं, हे मी मनापासून म्हणते, आणि वरच्या 200 रुपयांसारखी योजना आली तर तुमच्यासारख्या वस्त्यांना त्यात घ्या म्हणून आपण सगळ्यांनीच लिहायला हवं.

पण तोपर्यंत मुलांचा अभ्यास थांबवता येत नाही, तर एक रस्ता आहे, पीएम-वाणी, म्हणजे सार्वजनिक वायफायची सरकारी योजना. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेली ही योजना शहर-गाव असा फरक करत नाही. अभ्यासिकेच्या जवळ जिथे एखादं ब्रॉडबँड कनेक्शन पोचतं, किराणा दुकान असो की समाजमंदिर, तिथला माणूस पीडीओ, म्हणजे वायफायचं छोटं केंद्र चालवणारा, होऊन वायफाय देऊ शकतो, त्याला लायसन्स लागत नाही, लायसन्स फी नाही, वेगळी नोंदणीही नाही, फक्त एखाद्या नोंदणी असलेल्या पीडीओएशी, म्हणजे अशी केंद्रं एकत्र सांभाळणाऱ्या कंपनीशी, जोडून घ्यायचं. आधी अडचण अशी व्हायची की कंपन्या पीडीओला महागडी लीज्ड लाईनच, म्हणजे कंपन्यांना देतात तशी स्वतंत्र लाईन, घ्यायला लावायच्या, जून 2025 मध्ये ट्रायने ठरवून दिलं की 200 एमबीपीएसपर्यंतच्या कनेक्शनला पीडीओकडून घरगुती प्लॅनच्या दुप्पटीपेक्षा जास्त पैसे घेता येणार नाहीत. म्हणजे 500 चा घरगुती प्लॅन असेल तर पीडीओला जास्तीत जास्त 1000 अधिक जीएसटी. पाच-दहा रुपयांची कुपनं विकून तेवढे निघतात का ते तुमच्या पाड्यावर तुम्हीच मला जास्त चांगलं सांगाल. दुकानदाराच्या उत्पन्नात ही रक्कम धरायची, पण एवढ्यासाठी त्याला जीएसटी नंबर लागणार नाही, एकूण उलाढाल मर्यादेत असेल तर.

कंपनीने दुप्पटीपेक्षा जास्त मागितले तर आधी त्यांच्याच तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट नंबर घ्या, उत्तर नाही आलं तर त्यांच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. आणि तो नंबर आणि बिलाची प्रत या सदराच्या पत्त्यावर मलाही पाठवा, पुढचं पत्र आपण मिळून लिहू.